सहा नंबरखालची घरं

तीन नंबरचं रीडिंग परत घेतलं आणि ते जुळलं नाही.

उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर काही धड दिसत नव्हतं, म्हणून मी ओढणीची सावली धरून पाहिलं. रेघ तीच. आदल्या दिवशी ह्याच खुणेवर, ह्याच दगडाशी, ती सरळ खाली उतरली होती. आज शेवटाला रेंगाळत होती. म्हणजे यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे तीन नंबरच्या खाली एका दिवसात ओली चिकणमाती येऊन बसली होती. तीही मे महिन्यात, कुडपणच्या बाजूच्या डोंगरात, जिथे त्या वेळी विहिरींचा तळ दिसत होता.

"प्रकाश, हे काय आहे?"

प्रकाश आमचा सर्व्हेचा माणूस, माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम केलेला. त्याने वाकून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मॅडम, हे चार-पाच-सहासारखंच दिसतंय की."

तेच तर. दोन तासांपूर्वी सहा नंबरवरून, तिथे मोबाइलला रेंज मिळते म्हणून, मी मुंबईला ऑफिसात नाडकर्णी सरांना सांगून मोकळी झाले होते: "चार, पाच, सहा, तिन्ही ठिकाणी ओला थर आहे. खालच्या अकरा घरांना धोका दिसतोय." सरांनी ते लगेच पोलादपूरला तहसीलमध्ये कळवलं. शनिवारी तिथे मीटिंग होती. पावसाआधी कोणती घरं हलवायची, ती यादी त्या मीटिंगमध्ये पक्की व्हायची होती. आज बुधवार.

नियम असा आहे की आधी जुन्या खुणेवर परत मोजायचं, जुळतंय ना ते बघायचं, आणि मग तोंड उघडायचं. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवते. त्या दिवशी मीच घाई केली. उन्हाने, गुडघ्याने आणि रेंज मिळताच सुरू झालेल्या सरांच्या फोनने डोकं उठलं होतं, हे खरं, पण ती सबब झाली.

आता आमचं यंत्र काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जमिनीवर आम्ही वायरचं मोठं चौकोनी रिंगण घालतो. त्यातून करंट सोडतो आणि झटकन बंद करतो. त्याचे पडसाद खाली जमिनीत उमटतात. कोरड्या कातळात ते लगेच विरतात, ओल्या चिकणमातीत रेंगाळतात. उतारावर खोलात असा ओला थर असेल तर पावसात वरची माती त्याच्यावरून घसरू शकते. पडसाद फार क्षीण असतात. ते पकडायला आमच्याकडे नखाएवढी एक चिप आहे, तिला स्क्विड म्हणतात. ती सुपरकंडक्टरची असते. सुपरकंडक्टर म्हणजे असा पदार्थ, जो पुरेसा थंड केला की त्यातून वीज काही अडथळा न होता वाहते. पुरेसा थंड म्हणजे शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. त्यासाठी ती चिप द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. ज्या भांड्यात बुडवतात त्याला आम्ही ड्यूअर म्हणतो. कळशीएवढा थर्मासच समजा, फक्त फायबरचा, कारण धातूचं भांडं मापात लुडबूड करतं.

माझं काम ह्या थंडीचं. नोकरीतली तीस वर्षं मी एकच गोष्ट करत आले आहे: बाहेरची उष्णता चिपपर्यंत पोचू द्यायची नाही. ती सगळीकडून यायला बघते. भांड्याच्या अंगातून येते, झाकणातून येते, आणि सगळ्यात जास्त तारांमधून येते. कढईत ठेवलेल्या पळीचा दांडा तापतो ना, तसंच. म्हणून आम्ही तारा केसासारख्या बारीक घेतो, त्याही तांब्याच्या नाही, उष्णता कमी वाहून नेणाऱ्या मिश्र धातूच्या. शिवाय ड्यूअरच्या तोंडात जो फोमचा बूच असतो त्याला मुद्दाम भोकं ठेवतो. नायट्रोजन सारखा थोडा थोडा उकळत असतो. त्याची गार वाफ त्या भोकांतून तारांना घासत वर जाते आणि तारांतून खाली येणारी उष्णता आपल्याबरोबर बाहेर नेते. बघणाऱ्याला वाटतं धूर वाया चाललाय. तो धूर आमचा राखणदार असतो.

एका खुणेवर आम्ही अर्धा तास हजारो वेळा करंट देतो आणि सरासरी काढतो. त्या अर्ध्या तासात चिपचं तापमान किंचित जरी सरकत राहिलं, तर सरासरीच्या शेवटी खोटं रेंगाळणं घुसतं. हुबेहूब ओल्या मातीसारखं. म्हणून तीन नंबर बघून प्रश्न एकच होता: डोंगर ओला होता, की माझी चिप गरम होत होती?

आम्ही उतरलो होतो त्या वाडीचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथे राहतात. आमचं सामान वाडीच्या शाळेच्या पडवीत होतं आणि मुख्य नायट्रोजनची टाकीही तिथेच. एक, दोन आणि तीन ह्या खुणा शाळेजवळच्या सपाटीवर. चार, पाच, सहा वर उतारावर. चारच्या खाली पाच घरं, पाचच्या खाली चार, सहाच्या खाली दोन. त्या दोनांतलं एक धोंडूदादाचं आणि दुसरं त्याच्या चुलतभावाचं, किसनचं. आमचा ड्यूअर वर चढवायचं काम हेच दोघं करत होते. वाडीत कोणी आजारी पडलं की डोलीत घालून रस्त्यापर्यंत नेण्याची त्यांना सवय. त्यांनी बांबूला दोरांनी लाकडी चौकट टांगली, तिच्यात ड्यूअर बसवला आणि चालू लागले. मला तो चढ झेपत नसल्याने मी वळशाच्या वाटेने जाई आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचे.

संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर बसले होते तर धोंडूदादा आला. साठीचा माणूस, दिवसभर ओझं वाहून आलेला, तरी उभाच राहिला.

"बाय, खाली बातमी लागली. अकरा घरं हलवायची म्हणतात."

"अजून पक्कं नाही, दादा."

"तुमीच सांगितलंत नव्हं फोनवर? मी तितंच हुतो."

होता तो तिथेच, ड्यूअरशेजारी. मी त्याला खरं ते सांगितलं, की आता मलाच शंका येतेय आणि उद्या तपासते.

तो म्हणाला, "म्हंजे जायाला लागंल का नाय लागणार? कायतरी एक सांगा. बायकोनं दुपारपासून चूल पेटवली नाय. म्हंते, ज्या घरात ऱ्हायाचं नाय तितं भाकऱ्या कशाला थापू."

त्या रात्री मला झोप कसली लागते! दोन्हीकडून फास होता. खोट्या मापावर अकरा घरं उठवली तर ती माझी चूक. आणि शंका काढून माप मागे घेतलं, आणि डोंगर खरंच ओला निघाला, तर त्याचा विचारसुद्धा करवत नव्हता.

गुरुवारी सकाळी उष्णता कुठून शिरते ते शोधायला बसले. तारा तपासल्या, सगळ्या शाबूत. भांड्याला हात लावून पाहिला, कुठे दव नाही, म्हणजे भिंतींमधली निर्वात पोकळी फुटलेली नाही. मग वाडीतून एक ताणकाटा आणवला, त्याला ड्यूअर टांगला आणि दर अर्ध्या तासाला वजन लिहिलं. नायट्रोजन उडून जातो तसं वजन घटतं, आणि जास्त उष्णता शिरत असेल तर भराभर घटतं. वजन नेहमीसारखंच घटत होतं. चिपचं शून्यही, म्हणजे करंट नसताना ती दाखवते तो आकडा, तसूभर हललं नाही.

"म्हणजे यंत्र ठीक आहे," प्रकाश म्हणाला.

"पडवीत ठीक आहे," मी म्हणाले. "वर गेल्यावर अंगात येतं."

"वर ऊन असतं."

"परवा तीन नंबरलाही ऊन होतं."

परवा आणि काल ह्यात फरक कोणता? परवा एक, दोन, तीन ह्या खुणांवर ड्यूअर मी आणि प्रकाशने हातात धरून नेला होता, पन्नास पावलं. काल तो डोलीतून चार-पाच-सहा फिरला आणि येताना त्याच डोलीतून तीनवर उतरला. मला वाटलं, हिंदकळत असणार. हिंदकळलं की आतल्या गरम बाजूंना नायट्रोजन लागतो आणि जास्त उकळतो. पण खाली ठेवल्यावर पाच मिनिटांत ते शांत व्हायला हवं.

"आज मी ह्यांच्या मागून चालणार," मी म्हणाले.

"मॅडम, गुडघा!"

"गुडघा गेला खड्ड्यात."

ड्यूअर बुचातल्या नळीतूनच भरून डोलीत ठेवला. प्रकाश नेहमीसारखा रिंगण घालायला पुढे गेला. धोंडूदादा आणि किसन निघाले. मी काठी घेऊन मागे, धापा टाकत. वाडीचं शेवटचं घर मागे पडलं, तिथे एक जांभळीचं झाड होतं. त्याखाली दोघं थांबले आणि डोली टेकवली. किसनने हात वर करून पाल्याच्या दोन-तीन डहाळ्या मोडल्या. धोंडूदादाने त्या मुठीत आवळून ड्यूअरच्या तोंडात, फोमच्या बुचावर, गच्च कोंबल्या. मग कमरेचं फडकं सोडलं, बाटलीतल्या पाण्यात पिळून ओलं केलं आणि तोंडावर घट्ट बांधलं. सगळं इतक्या सफाईने, जणू रोजचंच.

"अहो!" मी अशी ओरडले की किसनच्या हातून बाटली पडली. "सोडा ते! आधी सोडा! लांब व्हा!"

"काय झालं गो बाय?"

मी पुढे होऊन फडक्याची गाठ ओढली. ते नुकतंच कडक व्हायला लागलं होतं. पाला उपसून काढला, तर खालची पानं पापडासारखी तुटली. फोमच्या भोकांत बर्फ होता, आजचा नव्हे, कालचा, पांढरा आणि घट्ट. सकाळी मी वरून फक्त वाफ बघितली होती. पाचातल्या एका भोकातून ती येत होती, आणि मी समाधान मानलं होतं. तारा तपासल्या, ताणकाटा टांगला, आणि बूच उचलून बघायचं सुचलं नाही. माझ्या अकलेचं काय वर्णन करावं!

"काल पण असंच केलंत?"

"दर खेपेला," धोंडूदादा म्हणाला. त्याला माझं ओरडणं लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "पान्याचा हंडा न्हेताना बाया पाला टाकतातच की वरती. हिंदकळत नाय. आनि तुमचं झाकन तर हरवलेलं."

"कसलं झाकण?"

"ते जनावराचं डाक्टर येतात न्हवं, म्हशीला इंजेक्शन द्यायाला? त्येंच्याकडं हीच टाकी हाय, आसाच धूर येतो. त्येला झाकन आसतं. तुमच्याला नाय. आमाला वाटलं, मुंबईस्नं येताना गाडीत हरवलं आसल. बाईमाणूस, कशाला बोलून दाखवायचं? म्हनून आमीच बंदोबस्त केला. वरती पोचलं की काढून टाकीत हुतो, तुमी यायच्या आदी."

मी त्या जांभळीखाली मटकन बसले. रागवावं की हसावं तेच कळेना. त्यांना मी सांगितलं होतं, आडवं करू नका, आपटू नका, आत हात घालू नका. तोंड बंद करू नका, हे सांगितलंच नव्हतं. कोणी बंद करेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. नायट्रोजन बंद भांड्यात कोंडला तर ते भांडं फुटतं, बॉम्बसारखं फुटतं. पाल्यातून आणि फडक्यातून थोडी वाट राहत होती म्हणून. ती वाट बर्फाने पुरती बुजली असती, तर त्या दोघांच्या खांद्यांमध्ये लटकत असलेलं ते भांडं... असो.

वर गेलो तेव्हा प्रकाशला विचारलं, "तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं ना."

"मग?"

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंय. थंडीचं काम तुमचं."

घ्या. पंधरा वर्षं बरोबर काम करून हे उत्तर.

माप का बिघडलं ते आता उघड होतं. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं. नायट्रोजनचंही तसंच. तोंड कोंडलं की आत दाब चढतो, द्रवाचं तापमान थोडं वर जातं, आणि त्यात बुडलेल्या चिपचंही. वर पोचल्यावर पाला काढला की दाब उतरतो आणि तापमान हळूहळू खाली येऊ लागतं. भोकांत बर्फ, त्यामुळे आणखी हळू. नेमकं तेव्हाच मी धापा टाकत पोचायची आणि लगेच मोजायला घ्यायची. अर्धा तास मी डोंगर मोजला नाही, पाल्याचा परिणाम मोजला.

मी धोंडूदादाला हे सगळं समजावलं. कुकरचं त्याला चटकन कळलं.

"म्हंजे अकरा घरं त्या पाल्यापायी उठत हुती?"

"तसं असू शकतं. परत मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग मोजा की!" किसन एकदम उजळला. "आत्ता मोजा. आमी ऱ्हातो उबे."

मोजायला नायट्रोजन हवा. बर्फ झालेला ड्यूअर तसाच वापरता येत नाही. रिकामा करून, ऊन दाखवून, आतून कोरडा करून पुन्हा भरावा लागतो, आणि गरम भांडं पुन्हा थंड करण्यातच निम्मा नायट्रोजन उडून जातो. टाकीत तेवढा नव्हता. मुंबईहून नवा यायला सोमवार उजाडला असता आणि मीटिंग तर शनिवारी. मी सहा नंबरवर जाऊन सरांना फोन लावला.

"सुनंदा, तुला आत्ता शंका येते?" सर म्हणाले. "मी लेखी कळवून बसलोय."

"सर, चूक माझी आहे. तीन नंबर जुळवायच्या आधी मी बोलले."

"मग आता काय कळवू? धोका नाही म्हणून?"

"नाही, नाही! तेही कळवू नका. माहीत नाही असं कळवा."

"तहसीलला 'माहीत नाही' असं कळवू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

सरांनी फोन आपटला नाही, पण आपटल्यासारखा ठेवला.

नायट्रोजन कुठे मिळेल? तेव्हा मला धोंडूदादाचं बोलणं आठवलं. जनावरांचे डॉक्टर! पोलादपूरला माझा महाडच्या शाळेतला वर्गमित्र पशुवैद्यक आहे, मोहिते. खाजगी प्रॅक्टिस करतो आणि म्हशींसाठीच्या वीर्याच्या कांड्या त्याच नायट्रोजनमध्ये ठेवतो. दुपारी जीप काढून घाट उतरले आणि पाल्याची सगळी हकीकत त्याला सांगितली.

"किती पाहिजे?" त्याने विचारलं.

"देशील तेवढा."

"सगळा दिला तर माझ्या कांड्या मरतील आणि तालुक्यातल्या म्हशी तुझ्या नावाने हंबरतील." असं म्हणत त्याने काठी बुडवून टाकीची पातळी पाहिली आणि निम्म्याहून जास्त मला ओतून दिला. वर म्हणाला, "जा. आणि झाकण पाठवू का? आमचंही सैलच असतं म्हणावं त्यांना."

पाल्याने माप बिघडल्याची बातमी सगळ्या वाडीला लागलीच होती तोवर.

शुक्रवारी उजाडताच ड्यूअर भरला. तोंड उघडं, धूर मोकळा. हिंदकळण्याचं काय करायचं, हे मी धोंडूदादालाच विचारलं. तो म्हणाला, "दोघांनी पाऊल जुळवायचं नाय. जुळलं की झोका बसतो." त्यांनी पावलं तोडून चालायला सुरुवात केली आणि नायट्रोजनचा थेंब उडाला नाही. मी मागून डोळ्यात तेल घालून चालले. प्रत्येक खुणेवर ठेवल्यावर अर्धा तास नुसतं थांबायचं, चिपचं शून्य स्थिर झालं की मगच मोजायचं, असं ठरवलं होतं.

चार नंबर. रेघ सरळ खाली आली, जराही रेंगाळली नाही. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बोलू नकोस. परत मोजलं. तीच रेघ.

पाच नंबर. दोनदा मोजलं, स्वच्छ. तोवर वाडीतली निम्मी माणसं वर येऊन झाडांच्या सावलीत बसली होती. कोणीतरी माझ्यासाठी ताक आणलं. एक म्हातारी तर माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडत होती. मला इतकं बरं वाटत होतं की त्याचीच भीती वाटायला लागली.

सहा नंबर. अर्धा तास थांबलो. शून्य दगडासारखं स्थिर. मोजलं.

रेघ खाली आली आणि शेवटाला रेंगाळली.

आणखी अर्धा तास थांबायला लावलं. ड्यूअरचं तोंड तपासलं, बूच काढून भोकं पाहिली. स्वच्छ. रिंगणाच्या वायरी तपासल्या. परत मोजलं. तशीच. दुसऱ्या बाजूने रिंगण घालून परत मोजलं. तशीच, तेवढीच, त्याच खोलीवर. मग तिथून खाली तीन नंबरवर नेलं, सगळी वरात माझ्यामागे. तीन नंबर जुळला, मंगळवारच्या पहिल्या मापाशी तंतोतंत. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. उरलासुरला नायट्रोजन घेऊन पुन्हा सहावर गेले. माझा गुडघा टोमॅटोसारखा सुजला होता. शेवटचं रीडिंग घेतलं तेव्हा भांड्यात चार बोटं द्रव होता.

रेंगाळली.

धोंडूदादा समोर उकिडवा बसला होता. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"बाय, ह्यो आमचा, सहा नंबर. पाला नसताना पन तसाच हाय ना?"

"हो, दादा."

"म्हंजे पाल्यानं इतं काय बिगडलं नव्हतं."

"इथे नाही. चार आणि पाचला बिघडलं होतं."

"म्हंजे नऊ घरं सुटली."

"हो."

"आनि आमची दोन ऱ्हायली." तो किसनकडे बघून हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "किसन्या, दोन दिस आपलीच तिरडी खांद्यावर घेऊन फिरलो रे आपन."

किसन हसला नाही. तो उठून तडक खाली निघून गेला. मला रडू आलं. चारचौघांत, लॅपटॉप मांडीवर, पन्नाशी उलटलेली बाई मी रडले. धोंडूदादाच मला म्हणाला, "तुमी कशाला रडता? पानी तुमी नाय ओतलं तितं."

हौसावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मात्र मला सोडलं नाही. खाली गेल्यावर अंगणातच गाठलं. "परवा अकरा बोलला. काल एक बी नाय बोलला. आज दोन. उद्या काय बोलाल? आमी काय खेळनं हाव का गो तुमचं?" मी ऐकून घेतलं. त्यांचं काय चुकलं होतं?

सरांनीही तेच विचारलं, शुद्ध भाषेत. "अकराचे दोन केलेस. खात्री?"

"खात्री. तीन नंबर जुळलाय, सहा चार वेळा मोजलाय."

शनिवारी मीटिंग झाली. नऊ घरं यादीतून निघाली, दोन राहिली. पावसाआधी धोंडूदादा आणि किसन बायकापोरं आणि गुरं घेऊन शाळेपलीकडच्या सपाटीवर पत्र्याच्या शेडमध्ये आले. आमच्या ऑफिसात ड्यूअर वाहून नेण्याच्या सूचनांमध्ये मी एक ओळ वाढवली: तोंड कधीही झाकू नये, आणि का झाकू नये ते वाहणाऱ्याला सांगावे. ही ओळ टाइप करणाऱ्याने विचारलं, मॅडम, "का" कशाला? त्याला मी बसवून घेतलं आणि ही सगळी गोष्ट सांगितली.

पावसाळा सरला तेव्हा धोंडूदादाचा फोन आला.

"बाय, घर हाय तसंच हाय. एक कौल पन सरकला नाय."

मला आनंद झाला आणि लगेच धडकीही भरली, कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता.

"मग जाऊ का परत?"

"नका जाऊ, दादा."

"माप चुकलं नसंल ना ह्या बारीला पन?"

"नाही चुकलं. खाली पाणी धरलेला थर आहे. तो कधी सरकेल ते माझं यंत्र सांगत नाही. यंदा, दहा वर्षांनी, कदाचित कधीच नाही."

तो म्हणाला, "हे तवाच सांगायचं हुतंत."

बरोबर होतं त्याचं. एवढं मोजलं, चार-चार वेळा मोजलं, पण त्या मापात काय कळत नाही ते सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. आमच्या धंद्यात ही चूक सगळेच करतात, आणि तिला कुठलाही बर्फ लागत नाही.

ह्या मे महिन्यात त्या बाजूला दुसऱ्या कामाने गेले होते, म्हणून वाडीत चढले. धोंडूदादा शेडमध्ये नव्हता. वर पाहिलं तर जुन्या घरासमोर गोवऱ्या वाळत घातलेल्या आणि ओट्यावर हौसावहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. मी काठी टेकत वर गेले. त्यांनी आतून पाट आणून दिला, पाणी दिलं. म्हणाल्या, रात्री खाली झोपतो, पावसात तर फिरकत पण नाय. उन्हाळ्यात दिवसाचं तेवढं इथं येतो.

"आणि दिवसा डोंगर पडत नाही वाटतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

त्यांनी सुपातला खडा शोधून लांब फेकला.

"पडतो," त्या म्हणाल्या. "पन दिवसा येताना दिसतो तरी."